साडीकडं बघा

“माझ्या तोंडाकडं बघू नका वैनी, साडीकडं बघा,” पंडित म्हणाला आणि त्याने खांद्यावर पदर टाकला.

गादीवर बसलेल्या बायका हसल्या. सुरुवातीला सगळ्याच हसायच्या. मिशीवाला, पांढऱ्या शर्टातला उंच बाप्या त्यांच्यासमोर उभा राहून साडी नेसतोय म्हटल्यावर हसू येणारच. निऱ्या बोटांवर घेऊन तो त्या पँटच्या पट्ट्यात खोचायचा, एक वळसा घ्यायचा आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत पदर खांद्यावर. मग बायकांचं हसू थांबायचं. कारण पंडित तिथून कुठेतरी बाजूला व्हायचा आणि समोर नुसती साडी उरायची. नवरीसाठी खरेदी असली की तो पदर डोक्यावरून घ्यायचा, चेहऱ्याभोवती काठ कसा येतो ते दाखवायला. त्यावर एखादी आजी तरी डोळे पुसायचीच.

सांगलीच्या पेठेतल्या त्या दुकानात तेव्हा वरच्या मजल्यावर साड्या नेसवलेल्या बाहुल्या नव्हत्या. सेल्समनचा खांदा हीच बाहुली. चौघेजण होते, पण बायका पंडितचीच वाट बघत बसायच्या. म्हातारे मगदूमकाका म्हणायचे, “ह्यो पंडित सुतार गादीवर असला की आमी नुसतं पाणी आणून द्यायचं.”

माझं राज्य जिन्याखाली होतं. फॉल आणि पिको. जिना लाकडी, पायऱ्यांच्या मध्ये फटी, आणि फटींच्या पलीकडे माझं मशीन. दिवसभर मला माणसं दिसायची ती घोट्यापर्यंत. चपला खाली काढायच्या आणि अनवाणी वर जायचं असा दुकानाचा नियम होता, त्यामुळे पाय स्वच्छ दिसायचे. जोडवी, भेगा, मेंदी, कुरूप, सगळं. पाय बघून मी सांगायची की ही बाई काही घेणार नाही, नुसती दुपार काढायला आलीय. बहुतेक वेळा खरं ठरायचं. पंडितच्या डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं होतं, कधीतरी साड्यांचा गठ्ठा पडला होता त्यावर. ते काळं नख जिन्यावर दिसलं की माझा पाय मशीनवर आपोआप हळू व्हायचा.

तो विकलेल्या साड्या फॉलसाठी घेऊन खाली यायचा आणि शेवटच्या पायरीवर थांबायचा.

“अहो, ऐकता का? ही उद्याच्याला पाहिजे.”

दुकानात सगळे मला कुंदाताई म्हणायचे. मालक अण्णा माझ्या वडिलांच्या वयाचे, तेही कुंदाताई म्हणायचे. एकटा पंडित नाही. तो ‘अहो’ म्हणायचा, ‘ऐकता का’ म्हणायचा, नाहीतर नुसतं खाकरायचा. एकदा मगदूमकाकांनी ते ऐकलं. “अरे, बायकोला हाक मारल्यागत मारतोयस की रे!” म्हणाले. पंडितचे कान लाल झाले. माझे कुणी बघितले नाहीत, मी खाली मान घालून बॉबिन भरत होते. पण दुसऱ्या दिवशीही त्याने ताई म्हटलं नाही, आणि त्या दिवसापासून मी ते ‘अहो’ ऐकण्यासाठी कामावर येऊ लागले. माधवनगरहून सायकल मारत यायची. वारा समोरून असला तरी मला कधी दम लागला नाही.

एका दुपारी तो पायरीवर टेकला आणि म्हणाला, “तुमच्यासाठी एक रंग बघून ठेवलाय.”

“कुठला?”

“आत्ता सांगायचा न्हाई. लग्नसराई सरू दे. आईला घेऊन येतो तुमच्या घरी, तवा दाखवतो.”

“आणि मला नाही आवडला तर?”

“न आवडाय काय झालं? मी काय डोळं झाकून बघितलाय?”

मी रंगाने काळी. बदामी, मोतिया, फिकट निळा, असलंच काहीतरी नेसायची. काळ्या मुलीने फिकं नेसावं असं आई सांगायची. पंडितला ते पटत नसे. “तुमाला कुणीतरी उलटं शिकवलंय,” असं तो एकदा म्हणाला होता. तेव्हापासून घरी आरशात बघताना मी वेगवेगळे रंग मनात अंगावर टाकून बघायची. डाळिंबी असेल का? मोरपंखी? विचारलं तरी सांगायचा नाही. नुसता हसायचा आणि वर जायचा.

त्या लग्नसराईत एका मोठ्या घरचा बस्ता आमच्याकडे आला. नवरीचे वडील साखर कारखान्याचे संचालक होते. सकाळीच गाड्या दारात लागल्या, दुकानाचा अर्धा मजला त्यांच्यासाठी मोकळा ठेवला. बायका वर गेल्या, पुरुष खाली काउंटरजवळ खुर्च्यांवर बसले. जिन्यावरून जरीची किनार, गोरे पाय आणि वाळे गेले. पायांची एकच जोडी संकोचून, प्रत्येक पायरीला थांबत गेली. ती नवरी हे मी ओळखलं.

बस्त्याची एक रीत आमच्याकडे सगळे पाळायचे. पसंत पडलेल्या पहिल्या शालूच्या टोकाला नवरीची आई हळदकुंकू लावते. एकदा ती बोटं लागली की शालू नवरीचा झाला. मग तो सेल्समन अंगावर घेत नाही. दाखवायचाच झाला तर हातावर धरून दाखवतो. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. मगदूमकाका तसं करायचे म्हणून बाकीचे करायचे.

त्या दिवशी हळदकुंकू लागलं. पेढे वाटले. आणि मग, सकाळपासून एक शब्द न बोललेली नवरी हळूच म्हणाली, “दादा, परत एकदा डोक्यावरनं घेऊन दाखवाल?”

पंडितने हळदकुंकवाकडे बघितलं. मगदूमकाकांकडे बघितलं. नवरीची आजी म्हणाली, “दाखवा हो. सकाळधरनं पोरीनं पहिल्यांदा तोंड उघडलंय.”

हे मला नंतर काकांनी सांगितलं. मी तेव्हा खालीच होते. फॉलचे रंग जुळवायला मला वरून हाक आली, म्हणून मी गठ्ठा घेऊन जिना चढू लागले, तर माझ्यापुढे बूट चढत होते. काळे, चकचकीत, टाचेला लोखंडी नाल असलेले. त्या जिन्यावर मी कधी बूट बघितले नव्हते. मी म्हणणार होते, साहेब, खाली काढा. पण माणसाकडे बघून म्हणाले नाही. तो नवरीचा भाऊ, धैर्यशील. सगळे त्याला दादासाहेब म्हणत होते.

वर गादीपुढे पंडित उभा होता. अंगावर तो लाल शालू, पदर डोक्यावरून घेतलेला, मान थोडी झुकवलेली. नवरी त्याच्याकडे बघून हसत होती. खरंच आनंदाने हसत होती. आजीने डोळ्यांना पदर लावला होता. मला आठवतं, मला वाटलं, किती छान दिसतंय हे.

“हा कोण?” धैर्यशील म्हणाला. “माझ्या बहिणीचा शालू आधी ह्यानं नेसायचा?”

आणि त्याने मारलं. पहिली गालावर बसली, पदरावरूनच, त्यामुळे जरीने गाल ओरबाडला. दुसरी कानावर बसली. पंडित पडला नाही. रॅकला हात लावून उभा राहिला.

“दादासाहेब, मीच सांगितलं त्यांना,” नवरी म्हणाली. इतक्या बारीक आवाजात की मी शेजारी नसते तर मलाही ऐकू आलं नसतं.

पंडितने डोक्यावरचा पदर काढला. निऱ्या सोडल्या. मग तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने शालूची घडी घालायला सुरुवात केली. जुन्या घडीवर घडी, काठाला काठ. आम्ही सगळे त्याची घडी पूर्ण व्हायची वाट बघत होतो. भाऊसुद्धा. हळदकुंकवाचं टोक वर येईल अशी घडी त्याने घातली, बॉक्समध्ये ठेवली आणि झाकण लावलं.

तोवर अण्णा धापा टाकत वर आले. काय झालं हे त्यांनी विचारलं नाही. “साहेब, चुकलं पोराचं,” म्हणाले, आणि पंडितकडे वळून, “माफी माग.”

पंडितने हात जोडले. “चुकलं,” म्हणाला.

आजी म्हणाली, “हा नको आता. दुसरा दाखवा.”

“पंडित, दाखव,” अण्णा म्हणाले.

मला वाटलं अण्णा मगदूमकाकांना बसवतील. काका पुढे सरकलेही होते. पण गिऱ्हाईक एवढं मोठं आणि पंडितसारखा हात कुणाचा नाही. पंडितने दुसरा शालू काढला, उलगडला. गालावर रक्ताची बारीक रेघ आली होती. आणि सवयीने, हजारदा म्हटलेलं त्याच्या तोंडून निघून गेलं, “माझ्या तोंडाकडं बघू नका, साडीकडं बघा.”

कुणी हसलं नाही. सगळ्या बायका त्याच्या तोंडाकडेच बघत होत्या.

मी फॉलचे रंग जुळवले. लालला लाल, हिरव्याला हिरवा. मला तेवढंच काम दिलेलं होतं. दिवस कलेपर्यंत बस्ता चालला आणि खूप मोठा झाला.

मग सगळे त्याला एकच सांगू लागले. मनावर घेऊ नको. अण्णांनी सांगितलं, “गिऱ्हाईक तापट असतंय. मी काय कमी ऐकून घेतलंय? मनावर घेऊ नको.” अण्णा वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्याला दोन दिवस घरी बसायला सांगितलं, एक पँटपीसही दिला. मगदूमकाका म्हणाले, मनावर घेऊ नको. चहावाला, हमाल, समोरचा भांडेवाला, सगळे तेच म्हणाले. मीही म्हणाले असते. पण त्याच्याकडे बघून मला ते तोंडात येईना. त्याने मनावर घेऊ नये तर कुठे ठेवावं, हे कुणी सांगत नव्हतं.

परत आल्यावर तो अंगावर साडी घेईना.

दोन्ही हातांवर साडी धरायचा, अंगापासून लांब, आणि तशीच गिऱ्हाइकापुढे करायचा. बाया म्हणायच्या, “अहो, लावून दाखवा की अंगावर.” तो “दाखवतो की” म्हणायचा आणि दुसरी साडी काढायचा. तिसरी काढायचा. समोर ढीग व्हायचा आणि बाया उठून जायच्या. मग काळं नख भराभर जिना उतरायचं, मोरीवर पाणी वाजायचं. तोंड धुऊन तो परत वर जायचा. दिवसातून कितीतरी वेळा.

खालच्या दारातून कुणी बूट वाजवत आलं की ते पाय जिन्यावर जिथे असतील तिथे थांबायचे. अर्ध्या पायरीवर. मी फटीतून बघत असायची. बोटं आखडून लाकडाला धरायची. बूट काउंटरकडे गेले की सावकाश सैल व्हायची.

“झोप लागते का?” मी एकदा विचारलं.

“लागत्या की.”

“खोटं बोलू नका.”

तो पायरीवर टेकला. म्हणाला, “कान वाजतोय अजून.”

“डॉक्टरला दाखवा मग.”

“दाखवला. कान चांगला हाय म्हणाला. टॉनिक दिलंय.”

“मग?”

“मग काय? वाजतोय.”

मी त्याचा हात धरायला हवा होता असं मला आजच वाटतं असं नाही. तेव्हाही वाटत होतं. पण दुकानात, जिन्याखाली, दिवसाढवळ्या मी कोणत्या नात्याने धरणार होते? ज्या नात्याने धरता आला असता ते अजून त्याच्या रंगात बांधून ठेवलेलं होतं. लग्नसराई सरली. त्याची आई आमच्या घरी आली नाही. मी विचारलं नाही. सायकलवरून येताना रोज ठरवायची, आज विचारू, आणि तो काळ्या नखाचा पाय बघितला की वाटायचं, आज नको.

दिवाळी जवळ आली तसं अण्णांचं आणि काकांचं बोलणं माझ्या कानावर पडलं. जिन्याखाली बसलेल्या बाईला सगळं ऐकू येतं, हे कुणाच्या ध्यानात नसतं.

“असं किती दिस चालवायचं काका? मंगळवारी तो गादीवर साडी लावू दे, न्हाईतर तळघरात घड्या घालाय बसू दे. वर मी दुसरा माणूस घेतो.”

“पोरगं धास्तावलंय ओ अण्णा.”

“मी काय त्याला काढतोय? पगार तोच देतो.”

पगाराचा प्रश्न नव्हता. तळघरात एक पिवळा दिवा होता आणि कपड्यांची थप्पी. तिथे कुणी येत नाही, कुणी जात नाही. तिथे गेलेला पंडित परत वर येणार नाही, आणि वर न आलेला पंडित माझ्या घरी येणार नाही, हे मला स्वच्छ कळलं.

सोमवारी दुकान बंद असायचं, पण माल लावायला आम्हाला अर्धा दिवस बोलवायचे. दुपारी बाकीचे डबा खायला गच्चीवर गेले. पंडित जायचा नाही, एकटाच रॅकपाशी बसायचा. मी मोरीवर पाय धुतले, पदराने कोरडे केले आणि वर गेले. आणि जाऊन गादीवर बसले.

त्या गादीवर मी त्याआधी कधी बसले नव्हते. कामाच्या बाईने गादीवर बसायचं नसतं. फॉल जुळवायलासुद्धा आम्ही कडेला उकिडव्या बसायचो. पांढरं कापड हाताला गार लागलं.

“उठा, अण्णा बघतील,” पंडित म्हणाला.

“बघू देत. मी गिऱ्हाईक आहे. मला तो रंग दाखवा.”

त्याने जिन्याकडे बघितलं.

“लग्नसराई सरून गेली,” मी म्हणाले. “आई नाही आली तर नाही आली. रंग तरी दाखवा.”

तो उठला. शोधाशोध केली नाही. कोपऱ्यातल्या रॅकच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, मागच्या बाजूला हात घातला आणि साडी काढली. इतके महिने त्याने ती कुणाच्या नजरेला पडू दिली नव्हती. गादीवर आणून त्याने ती झटक्यात उलगडली, अगदी पूर्वीसारखी, आणि माझ्यापुढे शेंदरी रंग पसरला. देवाला लावतात तो शेंदूर. हिरवे काठ.

“शेंदरी?” मी म्हणाले. “मला?”

“अंगावर आल्याबिगार कळत न्हाई रंग,” तो म्हणाला. गिऱ्हाइकांना सांगायचा तसंच. आवाजही तोच. मला वाटलं, झालं, जमलं. आता उद्या तो गादीवर उभा राहील.

त्याने निऱ्या केल्या. पट्ट्यात खोचल्या. वळसा घेतला. पदर हातात धरून हात वर नेला आणि तो कानापाशी गेला, तिथेच थांबला. गच्चीच्या जिन्यावर पाय वाजले. मगदूमकाकाच होते, अनवाणी, पाण्याचा तांब्या घेऊन लगेच परत गेले. पण पंडितने हात कानावर दाबला. पदर खाली घसरला.

मी उठले. “असू दे,” मी म्हणाले. “मी धरते पदर. तुम्ही नुसते उभे रहा.” मी पदराचं टोक उचललं आणि त्याच्या खांद्याकडे नेलं.

तो मागे सरला. डोळ्यांत पाणी होतं, पण पडलं नाही. निऱ्या सोडून तो गुडघ्यांवर बसला आणि घडी घालू लागला. जुन्या घडीवर घडी, काठाला काठ. त्या दिवशी घातली होती तशीच. मी उभी राहून बघत होते. घडी पुरी झाली तेव्हा त्याने साडी दोन्ही हातांवर धरून, अंगापासून लांब, माझ्यापुढे केली.

“तुमीच लावून बघा घरी, ताई,” तो म्हणाला.

मला आधी वाटलं, मागे कुणीतरी आहे. मागे कुणी नव्हतं.

मी ती साडी घेतली नाही. मला रंग नको होता, मला तो हवा होता. हे मी त्याला म्हणाले नाही. जिना उतरून मशीनपाशी येऊन बसले आणि बंद दुकानात, समोर शिवायला काही नसताना, बराच वेळ पाय मारत राहिले.

मंगळवारी पंडित आलाच नाही. बुधवारी मगदूमकाका त्याच्या घरी जाऊन आले. तो इचलकरंजीला बहिणीकडे गेला होता. तिथे यंत्रमागावर लागला.

“तिथं जिवाला बरं वाटतंय म्हणतो,” काका म्हणाले. “मागाचा आवाज इतका मोठा असतोय, की कुणाशी बोलाय लागत न्हाई. कान वाजल्याचंबी कळत न्हाई.”

“माझं काही विचारलं?”

काकांनी चष्मा काढून पुसला. “त्याची आई म्हणत होती, लग्नाचं नाव काढलं की उठून जातोय. मार खाल्लेल्या माणसाच्या घरात कुणाची पोरगी कशाला आणायची, असं म्हणतोय.”

आमच्या घरात कोणी मार खाल्ला नव्हता असं थोडंच होतं! माझे वडील मिलमध्ये मुकादमाच्या शिव्या खात म्हातारे झाले. मी ते काकांना म्हणाले. इचलकरंजीला निरोपही पाठवला. उत्तर आलं नाही.

दिवाळीच्या गर्दीत शेंदरी साडी विकली गेली. नव्या सेल्समनला ती सापडली असणार. एका सकाळी गठ्ठा सोडला तर फॉलसाठी आलेल्या साड्यांत तीही होती. मी दार लावून ती नेसून बघू शकले असते. मोह झाला. पण मला ती बघायची होती ती त्याच्या खांद्यावर, आरशात नव्हे. मी हिरवा फॉल घेतला आणि मशीनऐवजी हाताने घातला. बारीक टाके, इतके जवळ की दिसू नयेत. पुरा दिवस लागला. अण्णांनी एकदा वाकून बघितलं आणि गेले.

पुढे कितीतरी दिवस जिन्यावर पाय वाजले की मी वर बघायची. मग माझं लग्न झालं. एसटीच्या वर्कशॉपमधला माणूस, शांत, कष्टाळू. त्याने मला कधी दुखवलं नाही. एक मुलगी झाली, शर्वरी. मी संसारात सुखी नव्हते असं म्हणणं खोटं होईल. पण मला कुणी ‘अहो, ऐकता का’ म्हटलं, बँकेत, रस्त्यात, कुठेही, की मी अजूनही वळून बघते.

मागच्या वर्षी शर्वरीचा बस्ता बांधला. कोल्हापुरात, काचेचं मोठं दुकान. वर पांढऱ्या गाद्या तशाच, पण जिना फरशीचा, आणि वरपर्यंत सगळे पादत्राणं घालूनच येतात. आता बाहुल्याही आहेत. पण शर्वरीच्या सासूबाई म्हणाल्या, बाहुलीवर काय कळतंय, माणसाच्या अंगावर दाखवा. दुकानाचा टी-शर्ट घातलेला एक सेल्समन उभा राहिला. त्याने शालू खोचला, वळसा घेतला, आणि शर्वरी म्हणाली, “डोक्यावरून घेऊन दाखवाल?”

त्याने पदर डोक्यावर घेतला. बायका हसल्या. आणि जिन्यावर बूट वाजले.

मी कधी उठले मला कळलं नाही. गुडघे दुखतात म्हणून गादीवरून उठायला मला आधार लागतो. तो लागला नाही. मी त्या सेल्समनच्या आणि जिन्याच्या मध्ये जाऊन उभी होते, दोन्ही हात पसरून.

वर आला तो शर्वरीचा धाकटा दीर, हातात मोबाईल. “काकू, गाडी हलवायला सांगतायत खाली. अजून किती वेळ लागेल?” म्हणाला, आणि माझ्या हातांकडे बघत राहिला. सगळेच बघत होते.

“आई, काय झालं?” शर्वरीने विचारलं.

“काही नाही. पायाला मुंग्या आल्या.”

मी खाली बसले. पोरीने पाणी दिलं. सेल्समन चांगला होता. बाईला अवघडल्यासारखं झालंय हे त्याने ओळखलं आणि शालू उतरवत म्हणाला, “मावशी, तुम्हाला दाखवू का एखादी? नवरीच्या आईला नको का?”

“शेंदरी आहे?” मी विचारलं. “हिरव्या काठाची?”

“आई, तू आणि शेंदरी!” शर्वरी हसायला लागली.

त्याने साडी आणली. झटक्यात उलगडली. निऱ्या, वळसा, आणि हात वर गेला, कानापाशी आला, आणि न थांबता पुढे गेला. पदर खांद्यावर बसला.

“माझ्याकडं बघू नका मावशी, साडीकडं बघा.”

हे वाक्य ते अजूनही म्हणतात. मला माहीत नव्हतं. मी आधी त्याच्याचकडे बघितलं. तिशीचा असेल, दमलेला, हसतमुख, गालावर काही नाही. मग साडीकडे बघितलं. रंग गडद होता आणि तरी अंगावर आल्यावर मऊ झाला होता. मला शोभला असता. पंडितने डोळे उघडे ठेवूनच बघितला होता.

“कशी वाटली?” त्याने विचारलं. मी साडीकडेच बघत राहिले. आवडली नाही असं समजून त्याने निऱ्यांना हात घातला.

“घडी घालू नका,” मी म्हणाले. “असू दे अजून थोडा वेळ खांद्यावर.”